बंपर म्हणजे पत्रा नव्हे

वाचकांचे प्रश्न : गाडीची निगा

प्रश्न : आमच्या घराच्या फाटकाचे खांब चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे आहेत आणि वाट अरुंद आहे. दोन महिन्यांपूर्वी गाडी मागे घेताना मागील बंपरचा डावा कोपरा खांबाला घासला व हातभर लांबीचा पट्टा खरवडला गेला. गॅरेजमध्ये संपूर्ण बंपर रंगवावा लागेल असे सांगितल्यामुळे मी हे काम घरीच करायचे ठरवले. पत्र्यासाठी वापरतात ती लांबी (खड्डे बुजवण्याची पुटी) भरली, घासली, थिनरने पुसून वर राखाडी प्रायमर मारला आणि गाडीच्या रंगाचा स्प्रे आणून रंग दिला. काम बघणाऱ्यांना पसंत पडले. पुढे सर्व्हिस स्टेशनवर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गाडी धुतली त्या दिवशी मात्र रंग कागदासारखा उचलला गेला आणि खालच्या लांबीला बारीक भेगा गेलेल्या दिसल्या. माझे काय चुकले, आणि या खेपेस पूर्वतयारी कशी करावी? — एक वाचक, फोंडा

उत्तर : आपला हात चुकलेला नाही, समजूत चुकली. आपण पत्रात लिहिलेली प्रत्येक पायरी दारावर किंवा बॉनेटवर केली असती तर ते काम कदाचित काही वर्षे टिकले असते, कारण ती सगळी पत्र्याची रीत आहे. आजच्या बहुतेक गाड्यांचे बंपर पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकमध्ये रबराचा अंश मिसळून केलेले असतात. स्वयंपाकघरातील साध्या प्लास्टिकच्या डब्यावर चिकटवलेले लेबल जसे नखाने सहज निघते, तसेच हे प्लास्टिक आहे. त्याचा पृष्ठभाग मेणचट असतो आणि रंग, गोंद, लांबी यांपैकी काहीही तो आपणहून धरून ठेवत नाही. कारखान्यात रंग देण्यापूर्वी अनेकदा बंपरवरून ज्योत फिरवून हा पृष्ठभाग रंग धरण्याजोगा केला जातो. घरी तसे करण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. त्याऐवजी बाजारात प्लास्टिकसाठीचे खास प्रायमर मिळते, त्याविषयी पुढे लिहितो.

दुसरी गोष्ट लवचिकतेची. बंपरच्या मध्यभागी अंगठ्याने दाबून पाहावे, तो आत जातो आणि पुन्हा बाहेर येतो. शिवाय उन्हात प्लास्टिक पोलादाच्या कितीतरी पट अधिक प्रसरण पावते. पत्र्यावरची पॉलिस्टर लांबी वाळल्यावर दगडासारखी कडक होते, ती या हालचालीबरोबर वाकत नाही, म्हणून तडकते. आपल्याला दिसलेल्या भेगा त्याच होत. बंपरसाठी लवचिक लांबी वेगळी मिळते. दुकानात नुसती लांबी न मागता ‘प्लास्टिक बंपरसाठी’ असे स्पष्ट सांगून मागावी आणि डब्यावर तसे लिहिले आहे की नाही ते स्वतः वाचावे.

आता नव्या कामाकडे वळू. आपल्या बाबतीत पहिले काम म्हणजे जुने काम पूर्णपणे काढणे. जिथे रंग सुटला आहे तिथे तो सुटलाच आहे, पण जिथे अजून चिकटलेला दिसतो तिथेही त्याच्यावर विश्वास ठेवू नये. धारदार ब्लेडने त्या भागावर उभ्या-आडव्या पाच-सहा रेघा ओढून लहान चौकटी पाडाव्यात, त्यावर चांगली चिकटपट्टी घट्ट दाबून बसवावी आणि एका झटक्यात ओढावी. चौकटींचे तुकडे पट्टीबरोबर आले तर तो रंग मुळापर्यंत काढलाच पाहिजे. कारखान्याच्या मूळ रंगावर हीच चाचणी केली तर सहसा काहीही सुटत नाही, आणि तोच मूळ रंग आपल्या नव्या कामाचा सर्वांत भरवशाचा पाया असतो. म्हणून जिथे तो शाबूत आहे तिथे तो प्लास्टिकपर्यंत घासून काढण्याचा उत्साह दाखवू नये.

येथे इतर वाचकांसाठी थोडे थांबतो, कारण ओरखडा दिसला की काचपेपर हातात घेण्याची घाई अनेकांना होते. ओरखड्यावर ओल्या फडक्याने पाणी लावून पाहावे. ओला असताना तो जवळजवळ नाहीसा झाला आणि वाळल्यावर पुन्हा दिसू लागला, तर तो वरच्या पारदर्शक थरातच आहे आणि बहुतेक वेळा रबिंग कंपाउंड व पॉलिश यांवर भागते. नख आडवे फिरवल्यावर ते अडकत असेल तर ओरखडा पॉलिशच्या पलीकडे गेला आहे. आत काळे किंवा करडे प्लास्टिक दिसत असेल तर मग प्रश्नच उरत नाही. खांबाचा किंवा दुसऱ्या गाडीचा रंग नुसता वर लागलेला असेल, तर तो ओरखडाच नव्हे. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा कंपाउंड लावून तो पुसला जातो आणि खालचा रंग सुखरूप निघतो. लहान चऱ्यासाठी विम्याचा दावा करण्यापूर्वीही हिशेब मांडावा, कारण दावा केला की नो-क्लेम सवलत, जी २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत वाढते, ती हातची जाते.

बंपरचे प्लास्टिक नेमके कोणते, हे ओळखण्यासाठी गाडीखाली टॉर्च घेऊन आतील बाजू पाहावी. तिथे दोन कोनकंसांमध्ये रोमन लिपीत साच्यातच उठवलेली अक्षरे असतात. पी.पी., ई.पी.डी.एम. किंवा टी.पी.ओ. अशी अक्षरे असतील तर वर सांगितलेले मेणचट प्लास्टिक आहे आणि रंगाची पकड वाढवणारे प्रायमर, ज्याला दुकानात ‘ॲडहिजन प्रमोटर’ म्हणतात, ते अपरिहार्य आहे. ए.बी.एस. असेल तर रंग तुलनेने सहज धरतो, परंतु ते प्लास्टिक तीव्र थिनरने खराब होते. आतल्या कडेचा बारीक तुकडा कापून पाण्यात टाकावा, तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, असा उपायही सांगतात; पण बऱ्याच बंपरांत शंखजिऱ्याची पूड मिसळलेली असते आणि तेवढ्याने तुकडा बुडू शकतो, म्हणून अक्षरांवरच विश्वास ठेवलेला बरा.

पहिली साफसफाई घासण्याच्या आधीच करायची असते, नुसती नंतर करून भागत नाही. याचे कारण साधे आहे. बंपरवर मेण, डांबराचे थेंब, धुराचा चिकटा आणि चमक यावी म्हणून लावलेल्या पॉलिशमधील सिलिकोन यांचा थर असतो. तो तसाच ठेवून काचपेपर फिरवला की ही सगळी घाण प्लास्टिकच्या ताज्या रेघांत खोल दाबली जाते. सिलिकोनचा अंश राहिला तर रंग तेवढ्या जागेवरून बाजूला सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. आधी भांडी धुण्याच्या साबणाच्या पाण्याने संपूर्ण बंपर, कडांच्या आतल्या बाजूंसह, धुवावा. आपल्या गाडीला चिऱ्याचा खांब लागला आहे, म्हणून एक गोष्ट विशेष सांगतो : जांभ्याचे तांबूस कण प्लास्टिकच्या चऱ्यांत रुतून बसतात. भिंगातून किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन पाहिले तर ते मसूर-डाळीच्या कोंड्यासारखे ठिकठिकाणी दिसतात. जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने ते एकेक काढावेत, कारण यातला एक कण जरी काचपेपरखाली सापडला तरी तो आपल्या गुळगुळीत केलेल्या भागावर नवी रेघ ओढत जातो.

धुण्यासाठी नळाचे पाणी वापरावे. खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या, कडेच्या आणि किनाऱ्यालगतच्या काही विहिरींना क्षार असतात. ते पाणी बंपरवर वाळले की क्षार मागे राहतात आणि पुढे रंगाखाली ओलावा खेचून फोड आणतात. पाणी आपोआप वाळू न देता स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावे. त्यानंतर रंगकामासाठी मिळणारे ग्रीस काढण्याचे द्रावण किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे. एका हातात भिजवलेले फडके आणि दुसऱ्या हातात कोरडे फडके अशी दोन्ही धरावीत. ओल्याने एका वेळी वीतभर जागा पुसायची आणि ते द्रावण उडून जाण्यापूर्वी कोरड्याने लगेच टिपायचे. आपोआप सुकू दिले तर विरघळलेली घाण तिथेच पुन्हा बसते. आपण वापरलेले थिनर येथे दोन कारणांनी चालत नाही : ते प्लास्टिकमध्ये काही प्रमाणात शोषले जाऊन नंतर रंगाखालून बाहेर पडू पाहते, आणि आजूबाजूच्या जुन्या रंगाच्या कडा फुगवून सुरकुत्या पाडते. रॉकेलचे तर नावच नको, कारण त्याचा तेलकटपणा मागे राहतो.

स्वच्छता पुरेशी झाली की नाही, हे पाणीच सांगते. बंपरवर स्वच्छ पाण्याचा हलका फवारा मारावा. पाणी अळवाच्या पानावरल्यासारखे थेंब-थेंब होऊन घरंगळले तर मेण किंवा तेल अजून आहे. अखंड पातळ पडदा होऊन खाली उतरले तर पुढे जावे. उघड्या प्लास्टिकवर मात्र पाणी स्वभावतःच थेंब धरते, म्हणून ही परीक्षा रंग शिल्लक असलेल्या भागावरच घ्यावी.

आता घासकामाविषयी. चऱ्याच्या दोन्ही कडांना प्लास्टिकचे केस उभे राहिलेले असतात, सुपारी सोलताना तिच्या अंगाला राहिलेल्या तंतूंसारखे. ते काचपेपरने जात नाहीत, उलट लोळतात आणि आणखी फुगतात. नवे ब्लेड जवळजवळ आडवे धरून ते कापून घ्यावेत. मग खोल भागासाठी १८० नंबरचा काचपेपर घ्यावा, त्याच्या भोवती ३२० आणि बाहेरच्या कडेला ४०० असे पुढे जावे. उद्देश असा की उघडे प्लास्टिक, प्रायमर, रंग आणि पारदर्शक थर यांच्या कडा एकमेकींत पायऱ्यांसारख्या न राहता उतारासारख्या मिसळाव्यात. हे झाले की नाही ते डोळ्यांनी कळत नाही. डोळे मिटून बोटांच्या टोकांनी कड ओलांडावी. कड बोटाला लागली तर ती रंगानंतर दुप्पट दिसेल. सपाट जागेवर काचपेपर रबराच्या ठोकळ्यावर गुंडाळून वापरावा आणि वळणांवर हाताने. नुसत्या बोटांनी घासल्यास बोटांच्या जागी खळगे पडतात. कोरडे घासताना एकाच जागी जोर लावू नये, कारण घर्षणाच्या उष्णतेने प्लास्टिक वितळून लिबलिबीत होते आणि काचपेपरच्या दाण्यांना चिकटते.

लवचिक लांबी भरायची झाल्यास तिच्या डब्यावर ज्या क्रमाने सांगितले असेल त्याच क्रमाने भरावी. काही लांब्यांना उघड्या प्लास्टिकवर आधी ॲडहिजन प्रमोटर लागतो, काहींना लागत नाही. हार्डनर जास्त घातला की लवकर वाळेल, हा समज चुकीचा आहे, कारण प्रमाण बिघडले की लांबी ठिसूळ होते किंवा तिचा रंग वरच्या थरांतून झिरपून वर येतो. पत्रीने पातळ थर ओढावेत. वाळल्यावर १८० आणि मग ३२० ने समतल करावी.

यानंतर बंपरला धुळीपासून सोडवायचे असते, आणि ते वाटते तितके सोपे नाही. कोरड्या फडक्याने जोरात पुसले की प्लास्टिकवर स्थिर विद्युत निर्माण होते व धूळ लोहचुंबकाकडे जावी तशी परत येते. पुन्हा अल्कोहोलने, त्याच दोन फडक्यांच्या रीतीने, हळूहळू पुसावे आणि मगच उघड्या प्लास्टिकवर ॲडहिजन प्रमोटरचे दोन अगदी पातळ थर द्यावेत. हा थर जवळजवळ दिसतही नाही, म्हणून कोरडा राहिला असे समजून लोक जाड मारतात आणि तो ओघळतो. त्याच्यावर पुढचा थर किती मिनिटांत द्यावा हे डब्यावर लिहिलेले असते. ती वेळ चुकवली, रात्रभर तसाच ठेवला, तर बहुतेक प्रकारांचा उपयोग संपतो आणि पुन्हा मारावा लागतो. म्हणून प्रमोटर मारण्यापूर्वीच मास्किंग करून, म्हणजे रंगवायचा नाही तो भाग कागद व चिकटपट्टीने झाकून, प्रायमरचा डबा हलवून हाताशी ठेवावा. मास्किंगसाठी वर्तमानपत्र वापरू नये. त्यातून द्रावण झिरपते व शाई उतरते. तपकिरी पॅकिंगचा कागद चांगला.

प्रायमरचे दोन-तीन थर पूर्ण वाळल्यावर ६०० नंबरच्या पेपरने पाणी लावून घासावे, आणि गाडीचा रंग मेटॅलिक असेल तर ८०० ने शेवट करावा. ४०० च्या रेघा साध्या पांढऱ्या रंगाखाली कदाचित लपतील, पण मेटॅलिकच्या चमकी त्याच रेघांत रांगेने बसतात आणि उन्हात संपूर्ण कामावर ओरखड्यांचे जाळे दिसते. जिथे केवळ पारदर्शक थर द्यायचा आहे तो उरलेला भाग १००० ने किंवा करड्या नायलॉन पॅडने चमक जाईपर्यंत निस्तेज करावा. कुठेही प्लास्टिक पुन्हा उघडे पडले तर तेवढ्या जागी प्रमोटर पुन्हा द्यावा लागतो, याला पळवाट नाही.

एक अनुभव आपल्यासाठी. माझ्या पहिल्या गाडीच्या बंपरचे घासकाम मी दोन दिवस नीट केले आणि अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या टायरांना शेजारच्या मुलाने कौतुकाने चमकदार स्प्रे मारला. वाऱ्याने त्याचा तुषार बंपरवर आला. मला तो दिसलाही नाही. रंगात पडलेले सत्तावीस खड्डे मी मोजले होते.

प्रश्न : चतुर्थीपूर्वी गाडी नीट दिसावी अशी इच्छा आहे. पावसात घराच्या व्हरांड्यात बंपरला प्रायमर व रंग देता येईल का? — एक वाचक, काणकोण

उत्तर : घासकाम करता येईल, फवारणी टाळावी. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतील आर्द्रता अनेक दिवस ८५ टक्क्यांच्या वर राहते. रंगातील द्रावण उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतील बाष्प बसते आणि वरचा थर दुधाळ पांढरा पडतो. ओल पाहण्यासाठी आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो. ७० टक्क्यांच्या आत असेल तर मनाजोगे काम होते. चिऱ्याच्या भिंतीचा व्हरांडा पावसाळ्यात आपणहून ओल सोडतो, ही आणखी एक अडचण. म्हणून चतुर्थीसाठी केवळ साफसफाई व पॉलिश करून घ्यावे आणि रंगकाम डिसेंबर ते फेब्रुवारी या काळावर ठेवावे. त्या काळातही सकाळी दव पूर्ण सुकल्यावर आणि दुपारचा समुद्रावरचा वारा सुरू होण्यापूर्वीचे दोन-तीन तास धरावेत, गाडी सावलीत असावी, कारण भर उन्हात काळा बंपर हात लावता येणार नाही इतका तापतो आणि रंग पसरण्यापूर्वीच वाळून संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो.

उघडे प्लास्टिक घासून अर्धवट सोडले असेल तर पावसाळाभर तसे ठेवण्यास हरकत नाही, प्लास्टिक गंजत नाही. काम पुन्हा हाती घेताना मात्र धुण्यापासून सुरुवात करावी.

प्रश्न : गाडीच्या बंपरचा खालचा काळा, दाणेदार भाग उन्हाने पांढुरका झाला आहे. वरचा भाग घासताना तोही घासून काळा रंगवावा का? — एक वाचक, डिचोली

उत्तर : कृपया तिथे काचपेपर लावू नये. ते दाणे साच्यातून आलेले असतात. एकदा घासले गेले की ते पुन्हा आणता येत नाहीत आणि रंग दिल्यावर गुळगुळीत डाग उठून दिसतो. साबणाच्या पाण्याने ताठ ब्रशने धुवावा आणि प्लास्टिकचा काळेपणा परत आणणारे द्रावण वापरावे. क्रम महत्त्वाचा आहे : ही द्रावणे बहुधा सिलिकोनयुक्त असतात, तेव्हा वरच्या भागाचे रंगकाम पूर्ण होऊन वाळल्यानंतरच त्यांना हात लावावा, आणि तोवर हा भाग मास्किंगखाली झाकून ठेवावा.

प्रश्न : बंपरमध्ये पार्किंगचे सेन्सर आहेत. त्यांच्यावरूनच प्रायमर मारला तर चालेल का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : सेन्सर आतून सोडवून बाहेर काढता येत असतील तर काढावेत, अन्यथा त्यांच्या तोंडावर मास्किंग टेपचा नेमका गोल कापून बसवावा. बंपरच्या रंगाचे सेन्सर कारखान्यातून पातळ थराने रंगवलेले येतात. त्यांच्यावर प्रायमर, लांबी आणि रंग असे थरांवर थर चढले की त्यांची ध्वनिलहर दबते व ते कारण नसताना वाजू लागतात किंवा वाजतच नाहीत. काही नव्या गाड्यांत बंपरच्या मागे रडार बसवलेले असते आणि बाहेरून त्याचे काहीही दिसत नाही. आपल्या गाडीत आपोआप ब्रेक लागण्याची किंवा बाजूच्या वाहनाची सूचना देण्याची सोय असेल, तर त्या जागी लांबी अजिबात भरू नये. गाडीच्या पुस्तिकेत रडारची जागा पाहून घ्यावी आणि चरा नेमका तिथेच असेल तर ते काम अधिकृत कार्यशाळेकडे द्यावे.